खराडी बायपासला उतरायचं कुठं?

दिवाळीच्या आधीच्या रात्री खराडी बायपासच्या चौकात पदपथ दिसेनासा होतो. त्यावर बॅगा असतात, बॅगांना टेकून पेंगणारी मुलं असतात, आणि मोठ्यांचे डोळे नगर रस्त्याच्या पुण्याकडच्या अंगाला लागलेले असतात. अकोला, वाशीम, यवतमाळ, नांदेड, परभणी, जालना अशा पाट्यांच्या ट्रॅव्हल्स शहरभर प्रवासी घेत येतात आणि खराडी, वाघोलीला उरलेली माणसं उचलून घाटाविना सरळ नगरच्या वाटेला लागतात. वाट पाहणाऱ्यांत आयटी कंपनीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक असतो, वाघोलीच्या कॉलेजात शिकणारी पोरं असतात, चंदननगरात खोली करून राहणारं आणि बांधकामावर जाणारं अख्खं कुटुंब असतं. गाडी आली की क्लीनर गावाचं नाव पुकारतो. मग सामान डोक्यावर घेऊन, मुलांचे हात धरून, हॉर्न वाजवणाऱ्या दुचाकींमधून वाट काढत सगळे तिच्याकडे धावतात. पुण्याच्या पूर्वेकडची एवढी मोठी ये-जा ज्या ठिकाणी होते, तिथं माणसाला निवांत उभं राहायला ठरलेली जागा नाही.

याच चौकात आता मेट्रोचे दोन मार्ग एकमेकांना भेटणार आहेत. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ जून २०२५ रोजी वनाज–रामवाडी मार्गाच्या दोन्ही टोकांच्या विस्ताराला मंजुरी दिली. पश्चिमेकडे वनाज ते चांदणी चौक आणि पूर्वेकडे रामवाडी ते वाघोलीच्या पुढचं विठ्ठलवाडी. दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर, १३ स्थानकं, खर्च ३,६२६ कोटी २४ लाख रुपये, मुदत चार वर्षं. त्यातले ११.६३ किलोमीटर आणि ११ स्थानकं नगर रस्त्यावरची. विमाननगर, सोमनाथनगर आणि मग खराडी बायपास. पाच महिन्यांनी, २६ नोव्हेंबर २०२५ रोजी, खराडी–हडपसर–स्वारगेट–खडकवासला आणि नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग या मार्गांना मंजुरी मिळाली. हे ३१.६ किलोमीटर, २८ उन्नत स्थानकं आणि ९,८५७ कोटी ८५ लाख रुपयांचं काम आहे, मुदत पाच वर्षं. हडपसर रेल्वे स्थानक, साईनाथनगर, खराडी चौक असा हा मार्ग येऊन इथं थांबतो. सरकारच्या अंदाजाप्रमाणे २०३८ मध्ये या दुसऱ्या प्रकल्पावरून रोज सुमारे ७ लाख प्रवासी जातील. ते सगळे खराडीत चढणार-उतरणार नाहीत, पण दोन मार्गांच्या सांध्यावर गर्दीचा मोठा वाटा येतोच.

गाड्या वरून नीट धावतील, याबद्दल मला शंका नाही. पुण्यात २०२२ पासून त्या धावताहेत, वेळेवर धावताहेत, आणि शहरानं त्या आपल्या मानल्या आहेत. या लेखाचा विषय त्याखालचा आहे. स्थानकाचा जिना नेमका कुठं टेकणार, जिन्यापासून बसथांब्यापर्यंत माणूस कसा जाणार, मुंढव्याच्या अंगाला राहणाऱ्या बाईला नगर रस्ता ओलांडावा लागणार की नाही. स्थानक चांगलं की वाईट ते या प्रश्नांवर ठरतं, आणि नेमके हेच प्रश्न आपल्याकडे शेवटी, खांब उभे राहिल्यावर, विचारले जातात.

नगर रस्त्यावर सोलापूर रस्त्याकडे वळायची ही जागा एकेकाळी शहराच्या बाहेर होती. अवजड गाड्यांनी पुण्यात न शिरता मुंढवा, मगरपट्टा, हडपसरमार्गे निघून जावं, एवढाच बायपासचा उपयोग. खराडी गाव १९९७ मध्ये महापालिकेत आलं. पुढच्या दीड-दोन दशकांत मुळा-मुठेच्या काठच्या शेतजमिनींवर इऑनसारखी आयटी संकुलं आली, वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती आल्या, त्यांच्या आजूबाजूला बारा-पंधरा मजली सोसायट्या आल्या. पलीकडे खाणींचं आणि वाघेश्वराच्या देवळाचं वाघोली वाढत गेलं आणि २०२१ मध्ये तेही महापालिकेत आलं. त्याही पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगावचे कारखाने आहेत, त्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या आहेत. हे सगळं एका रस्त्यावर आणि एका वळणावर येऊन पडलं. शहर चौकाच्या चारी अंगांनी वाढलं, चौक मात्र ट्रकसाठी आखलेलाच राहिला.

मध्ये एक प्रयत्न झाला होता. पुण्यानं डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू केली. नगर रस्त्यावरची बीआरटी एप्रिल २०१६ मध्ये आली. रस्त्याच्या मधोमध बसची स्वतंत्र मार्गिका, मधोमध थांबे, बसच्या पायरीशी समतल फलाट. कल्पना उत्तम होती आणि मला आजही ती उत्तमच वाटते. पण थांबा रस्त्याच्या मध्यावर ठेवला की थांब्यावर जाणारा प्रत्येक जण, जाताना आणि येताना, अर्धा रस्ता ओलांडतो. त्या अर्ध्या रस्त्यावर सिग्नल पाळला जाईल, झेब्रा पट्टे दिसतील, गाड्यांचा वेग आवरला जाईल, याची काळजी शेवटपर्यंत कुणी घेतली नाही. मार्गिकेत खासगी गाड्या शिरल्या, अपघात झाले, कोंडीचं खापर बीआरटीवर फुटलं आणि टप्प्याटप्प्यानं ती काढून टाकण्यात आली. बस वाईट होती म्हणून ती गेली नाही. बसपर्यंत पोचायची वाट वाईट होती.

मेट्रोच्या बाबतीत हा धडा याच रस्त्यावर, काही किलोमीटर अलीकडे, पुन्हा मिळाला आहे. ६ मार्च २०२४ रोजी रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा सुरू झाला, तेव्हा मधलं येरवडा स्थानक बंद होतं. गाड्या तिथं न थांबता पुढे जात. येरवड्याच्या लोकांना आपल्या डोक्यावरून जाणारी मेट्रो दिसायची, चढता येत नव्हतं. स्थानकाचा एक जिना नगर रस्त्याच्या वाहतुकीत आला होता. त्यावर आक्षेप आला, बांधलेला भाग पाडावा लागला, प्रवेशाची जागा बदलावी लागली. स्थानक उघडलं ते २१ ऑगस्ट २०२४ रोजी, साडेपाच महिन्यांनी. फलाट तयार, रूळ तयार, वीज तयार, गाडी तयार, आणि अख्खं स्थानक अडलं ते एका जिन्यापायी. खराडी बायपासच्या स्थानकाचा नकाशा जो कोणी हातात घेईल, त्यानं आधी येरवड्याला जाऊन तो जिना पाहून यावा.

नगर रस्त्याला मेट्रो उशिरा भेटते यालाही कारण आहे. मूळ आखणी येरवड्याहून सरळ नगर रस्त्यानं होती. वाटेत आगाखान पॅलेस लागतो. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी जिथं अखेरचा श्वास घेतला, ती वास्तू. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. म्हणून मार्ग कल्याणीनगरकडून वळवण्यात आला आणि रामवाडीला पुन्हा नगर रस्त्याला आला. रामवाडी हेच शेवटचं स्थानक झाल्यामुळे खराडी-वाघोलीचा प्रवासी तिथं उतरून बस किंवा रिक्षा धरतो. थोडक्यात, आज खराडीची मेट्रो रामवाडीच्या पायथ्याशी सुरू होते, आणि त्या पायथ्याशी संध्याकाळी रिक्षांची जी झुंबड उडते ती पाहिली की पुढे काय वाढून ठेवलं आहे ते कळतं.

खराडीत अडचण अधिक मोठी आहे, कारण तिथं एकाच जागेवर अनेकांचा हक्क आहे. वाघोलीकडे जाणारी मेट्रो नगर रस्त्याच्या रेषेत येणार. खडकवासल्याकडची मेट्रो मुंढव्याच्या बाजूनं येऊन तिला भेटणार. शिवाय राज्य सरकारच्या पायाभूत सुविधा विकास महामंडळाचा पुणे–शिरूर उन्नत रस्ता, सुमारे ५४ किलोमीटरचा, खराडीच्या बाजूनंच सुरू व्हायचा आहे. खालचा रस्ता, पदपथ, पावसाळी गटारं महापालिकेची. बस पीएमपीची. सिग्नल वाहतूक पोलिसांचा. माणूस मात्र एकच आहे, आणि त्याला साईनाथनगरहून येऊन वाघोलीच्या गाडीत बसायचं आहे.

वेगवेगळ्या यंत्रणा एकाच चौकात आपापलं काम करतात तेव्हा काय होतं, हे पुण्यानं विद्यापीठ चौकात पाहिलं आहे. तिथला उड्डाणपूल बांधून पंधरा वर्षंही झाली नव्हती, आणि २०२० च्या जुलैमध्ये, टाळेबंदीच्या काळात, तो पाडला गेला. हिंजवडी–शिवाजीनगर मेट्रोला त्याच जागी खांब हवे होते. मग खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो असं दुमजली बांधकाम पुन्हा सुरू झालं, आणि पाच वर्षं औंध, बाणेर, पाषाणच्या लोकांनी त्याची किंमत रोज सकाळ-संध्याकाळ मोजली. कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला दुमजली पूल आधीच एकत्र आखला गेला, म्हणून पाडापाडी टळली. तरीही तिथं २०२२ मध्ये पूल खुला झाल्यावर त्याच्या दोन्ही टोकांना गाड्या तुंबायला लागल्या, कारण पूल जिथं जमिनीला येतो तिथला रस्ता पूर्वीइतकाच अरुंद होता. पूल कोंडी उचलून पुढच्या चौकात नेतो. खराडीला उन्नत रस्ता आणि मेट्रो यांचे खांब वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कंत्राटदारांनी उभारले, तर खालची सगळी मोकळी जागा खांबांत संपेल आणि जिन्याला पुन्हा रस्त्यावरच यावं लागेल.

दोन मार्गांचा सांधा कसा असावा, याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. जिल्हा न्यायालय स्थानकात वनाजहून येणारी गाडी वर उन्नत फलाटावर थांबते आणि पिंपरी–स्वारगेटची गाडी ३३ मीटर खोल. देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. एवढं उभं अंतर असूनही प्रवासी रस्त्यावर येत नाही; सरकत्या जिन्यांनी, तिकीट न बदलता, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातो. ऊन नाही, पाऊस नाही, रस्ता ओलांडणं नाही. मुंबईत अंधेरीच्या पूर्वेला गुंदवली आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग या दोन मेट्रो स्थानकांचे मार्ग वेगळे, चालवणाऱ्या संस्था वेगळ्या, तरी जानेवारी २०२३ मध्ये गुंदवलीपर्यंतची सेवा सुरू झाली ती दोन्ही स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलासह. म्हणजे संस्था निराळ्या असणं ही सबब होऊ शकत नाही. खराडीला तर दोन्ही मार्ग एकाच महामेट्रोचे आहेत. ‘खराडी बायपास’ आणि ‘खराडी चौक’ ही कागदावरची दोन नावं प्रवाशाला एकच स्थानक वाटली पाहिजेत.

युरोपातली काही शहरं या प्रश्नातून वेगळ्या वाटेनं सुटली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरानं १९९४ मध्ये हलकी रेल्वे आणली, ती जवळपास सगळी रस्त्यावरच. मोटारींच्या मार्गिका कमी केल्या, मधल्या चौकांतून मोटारी काढल्या, आणि रूळ फरसबंदीत बसवले. तिथं स्थानक म्हणजे पदपथापेक्षा जरा उंच असा एक ओटा. चालणारा माणूस त्यावर चढतो आणि गाडीत बसतो. जिना नाही, लिफ्ट नाही. पुण्यालाही असं काही सुचलं नव्हतं असं नाही. १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती सुमारे ३६ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग दाखवला होता, सार्वजनिक वाहतुकीसाठी राखून ठेवलेला. त्याचं पुढे कधी उन्नत रस्ता, कधी बस, कधी निओ मेट्रो असं होत राहिलं आणि साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटूनही तो आराखड्यावरची रेघच राहिला. आता नगर रस्त्यावर जमिनीवरच्या रेल्वेची वेळ निघून गेली आहे. गर्दीच्या मानानं उन्नत मेट्रोच योग्य आहे, हे मी मान्य करतो. पण त्या ओट्यामागची दृष्टी घेण्यासारखी आहे. तिथं आधी चालणाऱ्याची वाट आखली आणि मग गाडीची.

आकडे बाजूला ठेवून एक गाडी डोळ्यांसमोर आणा. पुणे मेट्रोची गाडी तीन डब्यांची, पूर्ण भरली तर साडेनऊशेच्या आसपास माणसं. सकाळी नऊच्या सुमारास अशा गाडीतून खराडी बायपासला समजा तिसरा हिस्सा उतरला. तीनशे माणसं मिनिटा-दोन मिनिटांत जिन्यावर. त्यातले पुष्कळ आयटी पार्ककडे जाणारे, आणि आयटी पार्क चौकापासून सहज चालत जाण्याच्या टप्प्यात नाही. त्यांना बस हवी, आणि ती जिन्याच्या पायथ्याशी, पुढच्या तीन-चार मिनिटांत सुटणारी हवी. नाहीतर तीनशेपैकी दीडशे जण रिक्षा शोधतील, शंभर जण ॲपवर मोटार मागवतील, आणि त्या सगळ्या गाड्या जिन्यासमोरच थांबतील. पुढची गाडी काही मिनिटांत येते. म्हणजे कोंडी कमी करायला आणलेली मेट्रो स्वतःच चौकात नवी कोंडी उभी करेल. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात स्थानकापासून पाच किलोमीटरच्या परिसरातल्या पूरक वाहतुकीचा आणि पायवाटांचा विचार प्रकल्प अहवालातच करावा, असं लिहिलेलं आहे. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. असं करणाऱ्या देशातल्या पहिल्या शहरांत पुणे आहे. जंगली महाराज रस्त्याचे रुंद पदपथ त्याच काळातले. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन होतो, तो मला मनापासून आवडतो. पण पादचाऱ्याचा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागतो तो नगर रस्त्यासारख्या रस्त्यावर, आणि तिथं ते धोरण अजून पोचायचं आहे.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत वाढीव बांधकामाला, चार चटईक्षेत्र निर्देशांकापर्यंत, परवानगी मिळते. म्हणजे स्थानक आलं की चौकाभोवती उंच इमारती येतील, हजारो नवी घरं आणि कार्यालयं येतील. हे चांगलंच आहे, लोक मेट्रोच्या जवळ राहिले तरच मेट्रो भरते. मात्र त्या प्रत्येक नव्या इमारतीकडून पदपथासाठी दोन-चार मीटर जागा, स्थानकाच्या पुलाला जोडणारी वाट, तळमजल्यावर खुला रस्ता एवढं मागून घेण्याची संधी परवानगी देतानाच असते. एकदा कुंपणाची भिंत उभी राहिली की ती जागा पुन्हा मिळत नाही.

या चौकाची खरी परीक्षा दरवर्षी १ जानेवारीला होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची स्मृती जपणाऱ्या पेरणे इथल्या विजयस्तंभाला वंदन करायला राज्यभरातून लाखो लोक येतात. १९२७ मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले होते. त्या दिवशी नगर रस्त्याचा पुढचा भाग इतर वाहनांना बंद असतो, नगरकडे निघालेल्या गाड्या खराडी बायपासवरूनच मुंढवा, मगरपट्टा, सोलापूर रस्त्याकडे वळवल्या जातात, पीएमपी जादा बस सोडते. पहाटेपासून निळे झेंडे घेतलेली कुटुंबं, म्हातारीकोतारी, कडेवरची लेकरं या चौकातून पुढे जातात. मेट्रो विठ्ठलवाडीपर्यंत जाईल तेव्हा यातला मोठा समुदाय मेट्रोनं येईल. स्वारगेटहून, खडकवासल्याहून येणारे खराडीला गाडी बदलतील. त्या दिवशीचा लोंढा सहन करील इतका रुंद जिना, इतका मोठा पूल, व्हीलचेअर सहज आत जाईल अशी लिफ्ट, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह असेल, तर वर्षाचे बाकीचे दिवस स्थानक निभावून नेईल. स्थानकाचं माप १ जानेवारीच्या गर्दीनं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मुदतींकडे पाहा. वाघोली मार्गाची चार वर्षं २०२९ च्या मध्यात भरतात, खडकवासला मार्गाची पाच वर्षं २०३० च्या अखेरीस. दोन्ही मुदती पाळल्या गेल्या तरी साधारण दीड वर्ष असं असेल, जेव्हा नगर रस्त्यावरचं स्थानक उघडलेलं असेल आणि मुंढव्याच्या बाजूला खोदकाम चालू असेल. हजारो प्रवासी पत्र्यांच्या कुंपणामधून, क्रेनच्या खालून, चिखलातून त्या स्थानकाकडे जातील. त्यासाठी आत्ताच ठरवायला हवं की पहिल्या स्थानकाचा जोडपूल दुसऱ्याच्या दिशेनं आधीच बांधून ठेवायचा, बसचे थांबे खोदकामाच्या पट्ट्याबाहेर आणायचे, आणि मुंढव्याच्या अंगाचा एक जिना पहिल्याच दिवशी खुला करायचा. खांबांच्या जागा निश्चित होण्याआधी महामेट्रो, महापालिका, पायाभूत सुविधा महामंडळ, पीएमपी आणि वाहतूक पोलिस यांनी चौकाचा एकच नकाशा करावा, आणि तो खराडी, चंदननगर, मुंढवा, वाघोलीच्या लोकांना त्यांच्याच वस्तीत, मराठीत, समजेल असा दाखवावा. त्यात प्रत्येक जिना, प्रत्येक लिफ्ट आणि रस्ता ओलांडायची प्रत्येक जागा मापांसकट असावी, म्हणजे लोकांना हरकत घेता येईल आणि ती हरकत काँक्रीट ओतण्याआधी ऐकली जाईल.